फुटलेली कवेलू कोणी बदलायची?

१/ मृगाआधी धारणीतील भाड्याच्या घराची कवेलू फेरायची, तर खर्च कोणाचा?

२/ मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२: घरमालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचनेनंतर वाजवी मुदतीत न केल्यास भाडेकरूने ती करावी आणि खर्च भाड्यातून सव्याज वळता करावा.

३/ पुढे विदर्भाला १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश लागू झाला. त्याची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने घेतली. विरुद्ध करार नसल्यास दुरुस्ती मालकाचीच. नोटिशीनंतर १५ दिवस थांबावे, कपात वार्षिक भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच.

४/ हा अधिनियम अनुसूचीतील क्षेत्रांपुरता. इतरत्र आधार १८८२ चाच. दोन्हींत हक्काचा आरंभ सूचनेपासून होतो. म्हणून गळतीआधी तारखेचे पत्र द्यावे.