पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे

आपल्या परभणी जिल्ह्याला एकेकाळी सरहद्द होती, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. (कळमनुरी, हिंगोली तेव्हा परभणीतच, हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ला.) पैनगंगेच्या अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार, आणि मधे करोडगिरीचे नाके.

१९४७-४८ साली रझाकारांचा जाच वाढला तशी माणसे रातोरात नदी उतरून वऱ्हाडात गेली. उमरखेडसारख्या गावी स्टेट काँग्रेसचे सरहद्द कॅम्प उभे राहिले. तिथले तरुण नाक्यांवर चालून येत. इथवरचा इतिहास १७ सप्टेंबरच्या भाषणात येतो. पुढचा येत नाही.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८, पाच दिवसांत पोलीस ॲक्शन आटोपली आणि मग सूड सुरू झाला. रझाकारांचा राग निरपराध मुसलमानांवर निघाला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार यांना चौकशीला पाठवले. त्यांनी मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपल्या शेजारच्या नांदेडात. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. २०१३ साली ए. जी. नूराणींच्या ग्रंथात तो वाचायला मिळाला.

त्याच अहवालात एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, विशेषतः एका धंद्यातल्या लोकांनी. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी जीवही दिले. मला यात नवल वाटत नाही. एका मागावरचे सूत दुसऱ्याच्या घरून येते, उधारी दोघांची एकाच सावकाराकडे. असा माणूस टोळीच्या हाती द्यायचा कसा?

आमची आजी सांगायची, रझाकारांच्या दिवसांत गल्लीतल्या चाचांनी आमचे दागिने स्वतःच्या घरात लपवले होते. सप्टेंबरनंतर त्यांची बायकामुले आमच्या बळदात आठ दिवस राहिली. "भीती नाही वाटली का गं?" असे विचारले की म्हणायची, "वाटली की. लेकरू रडंल याची!"

असो. कळमनुरी-पुसदकडच्या आप्तांनी आपल्या घरचे असे काही ऐकले असेल, तर तेवढे लिहून ठेवावे. ऐकवणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत.