कोटणीसांची सुई

तीस वर्षं लोकलमध्ये उभ्यानं प्रवास करून कंबर धरली, तेव्हा एका शेजाऱ्याच्या आग्रहानं डोंबिवलीतल्या एका अ‍ॅक्युपंक्चर दवाखान्यात गेलो. भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा फोटो होता. ‘ही विद्या त्यांनीच चीनहून आपल्याकडे आणली,’ डॉक्टर आदरानं म्हणाले. मीही मान डोलावली. व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट दूरदर्शनवर पाहिलेल्या माणसाला त्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही. घरी आल्यावर मात्र एक गोष्ट टोचू लागली. कोटणीस तर परत आलेच नव्हते. मग त्यांनी ही विद्या आणली कशी?

तारखा लावून पाहू. सोलापूरचे कोटणीस मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं : अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बिजयकुमार बसू आणि मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीनं ते मुंबईहून निघाले. चीनमध्ये कोटणीसांनी केलं ते शल्यचिकित्सकाचं काम. आघाडीवरून येणाऱ्या जखमींवर ते शस्त्रक्रिया करत. १९४१ मध्ये ते बेथ्यून इस्पितळाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यानं गेले. वय अवघं ३२.

त्या काळात खुद्द चीनमध्येच सुईचे दिवस फारसे बरे नव्हते. १८२२ मध्ये बादशाही वैद्यक संस्थेतून ती हद्दपार झाली होती. १९२९ मध्ये तर सगळं जुनं वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव सरकारदरबारी आला होता. खेड्यापाड्यांतले वैद्य ती चालवत होते, एवढंच. ऑक्टोबर १९४४ मध्ये माओंनी आधुनिक डॉक्टरांना जुन्या वैद्यांशी जुळवून घ्यायला सांगितलं. १९४५ मध्ये येनानच्या शांतता इस्पितळात सुईचा विभाग निघाला. तिथं हे काम करणाऱ्या जू ल्येन या आधुनिक वैद्यक शिकलेल्या बाई. १९५१ मध्ये त्यांनी या शास्त्राची नवी मांडणी करणारं पुस्तक लिहिलं. म्हणजे सुईला इस्पितळात मानाची जागा मिळाली ती कोटणीस गेल्यानंतर दोन-अडीच वर्षांनी. ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून आपल्यापर्यंत जे पोचलं, त्याची आजची घडी बरीचशी विसाव्या शतकातली आहे.

भारतात सुई आणली ती बसूंनी. ते १९४३ मध्ये परतले होते. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, सुईची विद्या शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात उपचार करू लागले. पुढे कोटणीसांच्या नावानं समित्या आणि दवाखाने निघाले. लुधियानात त्यांच्या नावाचं अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालय आहे. अशा रीतीनं नाव आणि सुई इतकी जवळ आली, की एकानंच दुसरी आणली असं वाटू लागलं.

आता सुईविषयी. ती इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. भरीव, पोलादी आणि साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. पारंपरिक शास्त्र १४ वाहिन्यांवर ३६१ बिंदू मानतं. शरीराची चिरफाड करून पाहणाऱ्यांना या वाहिन्या सापडलेल्या नाहीत. टोचताना मला मुंगी चावल्याएवढंच जाणवलं. खरी गंमत त्यानंतर. सुई हलकेच फिरवली की आत खोल ठणका उठतो, मुंग्या येतात, भाग फुगल्यासारखा आणि जड होतो. चिनी वैद्य याला ‘द-ची’ म्हणतात आणि सुई नीट लागल्याची खूण मानतात. वीस मिनिटं मी तसाच पालथा पडून होतो. चौथ्या खेपेनंतर बूट घालताना भिंतीचा आधार लागेना.

हे सुईनं झालं, की पडून राहिल्यानं, की डॉक्टरांनी आस्थेनं चौकशी केल्यानं? जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा एक जर्मन अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना गुण आला होता, भलत्याच जागी वरवर टोचून घेतलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. म्हणजे आराम पडला हे खरं, पण ठरावीक बिंदूंची महती त्यातून सिद्ध झाली नाही. माझ्या कमरेला हा निकाल मान्य आहे. मधुमेह किंवा कर्करोग सुईनं बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारात मात्र पाऊल ठेवू नये. सुई प्रत्येकासाठी नवी, निर्जंतुक पाकिटातली हवी. टोचणाऱ्याची नोंदणीही विचारावी. महाराष्ट्रात त्यासाठी २०१५ चा अधिनियम आणि परिषद आहे.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि जरा खट्टू होऊन विचारलं, ‘मग फोटो काढून टाकू?’

‘छे, राहू द्या. पण शेजारी बसूंचाही लावा. बोटीत दोघं बरोबरच होते.’