स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसाठी आधारसेवा

स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसाठी आधारसेवा म्हणजे स्वमग्नता किंवा ऑटिझम असलेल्या मुलाच्या पालकांना व घरातील इतर व्यक्तींना मिळणारे प्रशिक्षण, मार्गदर्शन, आर्थिक साहाय्य आणि कायदेशीर संरक्षण होय. मोठ्या शहरांत अशा मुलासाठी बालविकासतज्ज्ञ, वाचाउपचारतज्ज्ञ, व्यवसायोपचारतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची मदत मिळू शकते. ग्रामीण भागात, आदिवासी पाड्यांवर आणि शहरांतील गरीब वस्त्यांत यांपैकी बहुधा कोणीच उपलब्ध नसते. तेथे मुलाचे संगोपन, शिक्षण आणि उपचार ही तिन्ही कामे घरावरच, आणि घरातही मुख्यतः आईवर येऊन पडतात. त्यामुळे अशा भागांत कुटुंबाला दिलेला आधार हीच अनेकदा मुलापर्यंत पोहोचणारी एकमेव सेवा ठरते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भारतातील परिस्थितीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी संबंधित, आयुष्यभर राहणारी अवस्था आहे. परस्पर संवादातील अडचणी, त्याच त्या कृतींची पुनरावृत्ती, ठरावीक क्रमाचा आग्रह आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांना मिळणारा वेगळा प्रतिसाद ही तिची प्रमुख लक्षणे होत. काही मुले अस्खलित बोलतात, तर काहींना आयुष्यभर बोलता येत नाही. अनेकांना जोडीने बौद्धिक अक्षमता, फेफरे किंवा झोपेच्या तक्रारी असतात.

या अवस्थेचे वर्णन बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये केले. त्यानंतरची सुमारे दोन दशके या मुलांच्या मातांना फार जड गेली. आईच्या भावनिक थंडपणामुळे मूल स्वतःच्या कोषात जाते, असे मत त्या काळी प्रबळ होते व ब्रुनो बेटलहाइम यांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला. स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ मध्ये या मताचे खंडन करून स्वमग्नतेची कारणे जैविक असल्याचे मांडले. पुढील संशोधनाने आनुवंशिकतेचा मोठा वाटा स्पष्ट केला. वैद्यकशास्त्राने आईला दोषमुक्त केले असले, तरी समाजात हा दोषारोप वेगळ्या शब्दांत टिकून आहे. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, आई कामाला जाते, मुलाच्या हाती मोबाइल दिला, अशी कारणे महाराष्ट्रातील घरांतही ऐकू येतात.

स्वमग्नता हा श्रीमंतांच्या घरातील आजार असल्याचा समजही बराच काळ होता. निदानाची सोय सुस्थितीतील कुटुंबांनाच उपलब्ध होती, हे त्यामागचे साधे कारण. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात हिमाचल प्रदेशातील कांगडा, हरियाणातील पलवल, ओडिशातील धेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षे वयाच्या सुमारे चार हजार मुलांची तपासणी करण्यात आली. डोंगराळ, ग्रामीण, आदिवासी, शहरी व किनारी अशा भिन्न प्रदेशांत मिळून स्वमग्नतेचे प्रमाण सुमारे एक टक्का आढळले.

निदानापर्यंतचा मार्ग

मुलात काही वेगळे आहे हे बहुतेक पालकांच्या, विशेषतः आईच्या, दुसऱ्या वर्षापर्यंत लक्षात येते. मूल हाकेला ओ देत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, नजर देत नाही. यावर घरात मिळणारे पहिले उत्तर बहुधा ठरलेले असते: त्याचे वडीलही उशिराच बोलायला लागले होते. मूल बहिरे असल्याची शंका येऊन कानांची तपासणी होते व ती निर्दोष निघते. पुढे नवस, देवऋषी किंवा भगत यांचा मार्ग धरला जातो. स्थानिक डॉक्टरांकडूनही थांबून पाहण्याचा सल्ला मिळतो. गोव्यातील कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्य व शिक्षण क्षेत्रांतील व्यक्तींना स्वमग्नतेची पुरेशी माहिती नसणे, नातेवाइकांपासून व समारंभांपासून कुटुंबाने हळूहळू दूर होणे आणि पालकांवरील प्रचंड ताण या बाबी त्यात ठळकपणे समोर आल्या.

शासकीय पातळीवर मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाद्वारे होते. या कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर या आदिवासीबहुल भागातून झाला. फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करते. जन्मजात व्यंगे, आजार व कमतरता यांच्या बरोबरीने विकासातील विलंबही पाहिला जातो आणि संशयित मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा पथक आणि जिल्हा केंद्र यांच्यामधला आहे. तालुक्याच्या टोकाच्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यासाठी एसटीचे भाडे तर लागतेच, शिवाय दोन माणसांची एका दिवसाची मजुरी बुडते. गर्दी व आवाज सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन केलेला हा प्रवास आठवड्यातून दोनदा उपचारांसाठी करणे बहुतेकांना अशक्य असते.

स्थलांतरित मजुरांची अडचण आणखी वेगळी आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे हंगामात सहा महिन्यांच्या आसपास कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांवर राहतात. ठरावीक जागा, ठरावीक माणसे आणि ठरावीक दिनक्रम यांची ज्याला सर्वाधिक गरज असते, त्याच मुलाचे सर्व काही वर्षातून दोनदा बदलते. अंगणवाडीच्या तपासणीत हे मूल सापडले, तरी पुढील भेटीच्या वेळी ते गावात असेलच असे नाही.

पालकांमार्फत उपचार

तज्ज्ञांची संख्या नजीकच्या काळात पुरेशी वाढणार नाही हे गृहीत धरून अलीकडील संशोधनाने दुसरा मार्ग चोखाळला आहे. पालकांना संवादाची तंत्रे शिकवायची आणि शिकवण्याचे काम तज्ज्ञाऐवजी प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्याकडे सोपवायचे, असे त्याचे स्वरूप आहे.

दक्षिण आशियातील या दिशेचा सर्वांत परिचित प्रयोग ‘पास’ या नावाने ओळखला जातो. ब्रिटनमधील ‘पॅक्ट’ या उपचारपद्धतीचे हे रूपांतर असून गोव्यातील ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे त्याची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीत दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले होती. सहा महिन्यांत बारा सत्रे, पंधरा दिवसांतून एक, अशी रचना होती.

सत्राची पद्धत साधी आहे. कार्यकर्ता घरी येतो. पालक व मूल काही मिनिटे खेळत असताना त्याचे चित्रीकरण केले जाते आणि नंतर दोघे मिळून ते पाहतात. पालकाचे काय चुकले यापेक्षा कोणत्या क्षणी मूल पालकाशी जोडले गेले, हे शोधण्यावर भर असतो. मूल चमच्याने ताटली वाजवत असताना आईने चेंडू पुढे केला तर मूल तोंड फिरवते. तिनेही ताटली वाजवली तर ते क्षणभर तिच्याकडे पाहते. असा क्षण पडद्यावर पुन्हा पाहिला की आईला मुलाच्या मागे कसे जायचे हे समजते. पुढील सत्रांत सोपी भाषा, मुलाच्या कृतीला शब्द देणे, थांबून त्याच्या पुढाकाराची वाट पाहणे ही कौशल्ये येतात. दोन सत्रांच्या दरम्यान पालकाने रोज घरी सराव करणे अपेक्षित असते. त्यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत, भांडी, वाळलेल्या शेंगा, कपड्याच्या चिंध्या पुरतात.

चाचणीअखेर पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाशी अधिक जुळणारा झाला आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. एक निष्कर्ष मात्र अपेक्षेविरुद्ध गेला. पालक व मुलाने एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याचा काळ या गटात कमी आढळला. त्यामुळे ही पद्धत उपयुक्त असली, तरी ती स्वमग्नतेवरील इलाज असल्याचा दावा करता येत नाही. पुढे झोप, खाणे, शौचाच्या सवयी आणि वर्तनाच्या समस्या यांसाठी स्वतंत्र भाग जोडून ‘पास प्लस’ ही विस्तारित आवृत्ती तयार करण्यात आली व दिल्लीत तिची चाचणी झाली. रात्रभर न झोपणाऱ्या मुलाच्या आईला संवादाच्या सरावापूर्वी झोपेचा प्रश्न सोडवायचा असतो, ही बाब त्यात लक्षात घेतली गेली.

जागतिक आरोग्य संघटनेचा पालक-कौशल्य प्रशिक्षण कार्यक्रमही याच तत्त्वावर आधारलेला आहे. दोन ते नऊ वर्षे वयाच्या, विकासात विलंब असलेल्या मुलांच्या पालकांसाठी त्यात नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी असतात. निश्चित निदान झालेले नसतानाही पालकांना त्यात सहभागी होता येते. जेथे निदानच दुर्मीळ आहे, तेथे ही तरतूद निर्णायक ठरते. पालकाच्या स्वतःच्या मानसिक स्वास्थ्याचाही त्यात समावेश आहे.

तमिळनाडूतील आयिकुडी येथील ‘अमर सेवा संगम’ ही संस्था विकासात विलंब असलेल्या लहान मुलांसाठी गावातील स्त्रियांना पुनर्वसन कार्यकर्त्या म्हणून तयार करते व मोबाइलवरील प्रणालीद्वारे त्यांना तज्ज्ञांशी जोडते. मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली ‘उम्मीद’ ही संस्था वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांना बालविकासाचे प्रशिक्षण देते.

कायदा, प्रमाणपत्र आणि योजना

१९९५ च्या अपंगविषयक कायद्यातील यादीत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ती प्रथम आली. यामागे पालकांनी उभारलेल्या संघटनांचा मोठा पाठपुरावा होता. एका स्वमग्न मुलाच्या आई असलेल्या मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये दिल्लीत स्थापन केलेली ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही त्यांपैकी अग्रगण्य संस्था. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश झाला. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला आहे.

बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी स्वमग्नता मोजण्याची भारतीय श्रेणी वापरली जाते. तिच्यात ४० प्रश्न असून प्रत्येकाला एक ते पाच गुण दिले जातात. ७० पेक्षा कमी गुण असल्यास स्वमग्नता नाही, असे मानले जाते. ही तपासणी करू शकणारे तज्ज्ञ मंडळ सर्वत्र उपलब्ध नसल्याने कुटुंबांना खेपा घालाव्या लागतात. दिव्यांगत्व दृष्टीस पडत नाही, ही या मुलांची आणखी एक अडचण आहे. धडधाकट दिसणाऱ्या मुलासाठी सवलतीच्या तिकिटावरून वाद होणे नेहमीचे आहे.

राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते व त्यात बाह्यरुग्ण उपचारपद्धतींचाही समावेश आहे. विम्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही. परंतु खर्च आधी करून नंतर परतावा मागायचा असल्याने, हातात पैसा नसलेल्या कुटुंबाला तिचा लाभ मर्यादितच होतो. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून पात्र दिव्यांगांना मासिक साहाय्य मिळते. शाळेत जाऊ न शकणाऱ्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानात गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे, मात्र एका विशेष शिक्षकाकडे अनेक गावे असल्यास या भेटी विरळ होतात.

कुटुंबावरील भार

पालकांमार्फत उपचार या कल्पनेवर एक रास्त आक्षेप घेतला जातो. आधीच शेतमजुरी, पाणी, स्वयंपाक आणि इतर मुले सांभाळणाऱ्या स्त्रीवर त्यातून आणखी एक काम टाकले जाते. मूल सुधारले नाही, तर सराव कमी पडला असा नवा दोषारोप तिच्यावर येऊ शकतो. त्यामुळे सराव स्वतंत्र वेळ काढून करण्याऐवजी आंघोळ, जेवण, कपडे घालणे अशा नित्य कामांत गुंफण्यावर आता भर दिला जातो. वडील, आजी व मोठी भावंडे यांना सत्रात बसवल्यास कामाची वाटणी होते. एकत्र कुटुंबात आजीने एकदा मुलाचे वागणे समजून घेतले की सुनेवरील टीका कमी होते, हा लाभही थोडका नव्हे. भावंडांकडे, विशेषतः मोठ्या बहिणीकडे, सांभाळाची जबाबदारी जाऊन तिची शाळा सुटण्याचा धोका मात्र राहतो.

पालकांना काही तास किंवा काही दिवस विश्रांती मिळावी यासाठीची तात्पुरती निवास व्यवस्था भारतात फारच तुरळक आहे. तिच्या अभावी पालकगट हाच अनेकांचा आधार असतो. कोणत्या दिवशी तपासणी मंडळ बसते, कोणती कागदपत्रे लागतात, केस कापताना मूल किंचाळू नये म्हणून काय करावे, अशी माहिती येथे मिळते.

फसवे उपचार

अगतिक कुटुंब अशास्त्रीय उपचारांना सहज बळी पडते. लसीमुळे स्वमग्नता होते असा दावा करणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८ मधील शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला, तरीही त्याची भीती काही पालकांत शिल्लक आहे. मूलपेशी उपचारांसाठी जमीन किंवा दागिने विकण्याची वेळ कुटुंबांवर येते. स्वमग्नतेसाठी हे उपचार करण्याची शिफारस करता येत नाही आणि त्यांची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संबंधित मंडळाने २०२२ मध्ये घेतली.

प्रौढत्व आणि पालकत्व

पालकांच्या मनातील सर्वांत मोठा प्रश्न त्यांच्या पश्चात मुलाचे काय होणार हा असतो. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडिलांचे कायदेशीर पालकत्व आपोआप संपते. राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती यांची स्थानिक स्तर समिती अर्जावरून पालकाची नेमणूक करते. अठरा वर्षांवरील व्यक्तींच्या निवासासाठी न्यासाची घरौंदा ही योजना आहे. गावाकडे मात्र हा प्रश्न बहुधा घरातच सुटतो. भाऊ व भावजय सांभाळ करतात, आणि जमिनीची वाटणी होताना स्वमग्न भावाचा हिस्सा त्याला सांभाळणाऱ्याकडे जातो. पालकाची रीतसर नेमणूक झालेली असल्यास त्या मालमत्तेचा हिशेब समितीला सादर करावा लागतो.