शब्दांचे खरे विद्यालय

इंग्रजीतील कठीण शब्द मुलांस यावेत म्हणून काय करावे, असा प्रश्न धंतोलीतील आमचे ज्ञातिबांधव आम्हांस वारंवार विचारतात. त्यांच्या हाती बहुधा शब्दांची एखादी छापील यादी असते. या प्रश्नाचे उत्तर आपल्या विदर्भाच्याच इतिहासात सापडते. ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंग्रजी विद्या महाराष्ट्रात रुजू लागली तेव्हा साधने फार थोडी होती. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली, तर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. परंतु केवळ कोश पाठ करून कोणी विद्वान झाला नाही. इंग्रजी भाषेला वाघिणीचे दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर ते दूध कोठून प्याले? जॉन्सन व मेकॉले यांच्या ग्रंथांतून. जॉन्सनच्या 'रासेलस' या कथेचे भाषांतर त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिले व ते विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले.

आपल्या वऱ्हाडातील उदाहरण याहूनही बोलके आहे. अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक होते आणि गोपाळ गणेश आगरकर हे त्यांचे अत्यंत गरीब विद्यार्थी. महाजनींनी शेक्सपिअरच्या 'सिंबेलीन'वरून १८७९ साली 'तारा' हे नाटक रचिले. 'विंटर्स टेल'ला त्यांनी 'मोहविलसित' असे नाव दिले. पुढे १८८२ साली आगरकरांस टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. 'हॅम्लेट'च्या भाषांतराचे काम त्यांनी तेथेही चालविले व १८८३ साली ते 'विकारविलसित' या नावाने प्रसिद्ध झाले. गुरुशिष्यांनी योजिलेली ही नावेच पाहावीत. संपूर्ण नाटक अंतःकरणात मुरल्यावाचून असा शब्द सुचत नाही.

शब्द कळणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानी येईल. 'मेलँकली' म्हणजे उदासी, असे यादी सांगते. परंतु पित्याच्या मृत्यूने व्याकुळ झालेला, कर्तव्य जाणूनही हात न उचलणारा तो राजपुत्र ज्याने पाहिला, त्यास खेद, विषाद व औदासीन्य यांतील भेद आपोआप कळतो. त्याचे इंग्रजी वाढते व मराठीही वाढते.

आम्ही स्वतः मात्र हे फार उशिरा ओळखले, हे येथे कबूल केले पाहिजे. शिक्षक असताना आम्ही वर्गाकडून रोज दहा शब्द घोकून घेत असू. शनिवारी मुले ते घडाघडा म्हणत व पुढील आठवड्यात विसरून जात. उलट लँबच्या शेक्सपिअर-कथांतील एखादी गोष्ट वाचून दाखविली, तर तीतील शब्द मुले वर्षअखेरीपर्यंत वापरीत. दोष मुलांच्या स्मरणशक्तीचा नव्हता, आमच्या पद्धतीचा होता.

आज आपल्या ज्ञातीतील बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांस इंग्रजी बोलता येते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आजोबांनी 'विषाद' हा शब्द उच्चारला, तर नातू त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो. एका पिढीने कष्टाने दोन भाषांमध्ये बांधलेला सेतू दुसऱ्या पिढीत असा ढासळावा काय?

उपाय फार दूर नाही. येथील रामकृष्ण मठाची स्थापना १९२८ साली झाली. स्वामी विवेकानंदांचे मूळ इंग्रजी ग्रंथ आणि त्यांची याच मठाने प्रसिद्ध केलेली मराठी भाषांतरे शेजारी ठेवून वाचावीत. रोज एक पान पुरे. अडलेल्या शब्दासाठी मुलाने प्रथम स्वतः मराठी शब्द शोधावा, मग भाषांतर पाहावे. ज्ञातिमंडळानेही गुणवंतांस चषक देण्याऐवजी असे ग्रंथांचे जोड द्यावेत, अशी आमची नम्र सूचना आहे.

चषक कपाटात राहतो. वाचलेला शब्द मुखी राहतो. ज्ञातिबांधवांनी याचा विचार करावा, इतकीच विनंती.