पोलीस पाटील (जालना जिल्हा)

गावपातळीवर कायदा व सुव्यवस्थेसाठी नेमला जाणारा मानधनी ग्रामाधिकारी. निजामी राजवटीत जालना परिसरात महसुलासाठी माली पाटील व बंदोबस्तासाठी पोलीस पाटील ही वंशपरंपरागत पदे होती (पहा : वतनसंस्था). महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नंतर हे पद वंशपरंपरेऐवजी नेमणुकीने भरले जाते. त्यासाठी निवडणूक होत नाही.

पात्रता : वय २५ ते ४५ वर्षे, दहावी उत्तीर्ण, गावचा रहिवास, शारीरिक क्षमता व निष्कलंक चारित्र्य. लेखी व तोंडी परीक्षेनंतर उपविभागीय दंडाधिकारी नेमणूक करतात. प्रथम नेमणूक ५ वर्षांची असते. तिचे नूतनीकरण होते. पदावर राहण्याची वयोमर्यादा ६० वर्षे. गावातच शेती वा व्यवसायास मुभा असते.

गुन्ह्यांची खबर देणे व तपासात साहाय्य करणे या कर्तव्यांमुळे हे पद गाव आणि पोलीस ठाणे यांना जोडते (पहा : कोतवाल).