बोटॉक्सच्या सुईने मेंदूला सूज येते का? बुऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातल्या वाचकांसाठी माहिती

लग्नसराईच्या तोंडावर बुऱ्हाणपूरचं कोणी इंदूरला, कोणी रावेरमार्गे जळगावला जाऊन सुरकुत्यांवर बोटॉक्सची सुई घेऊन येतं. मग घरात कोणी म्हणतं, ‘त्याने म्हणे मेंदूला सूज येते.’

या शंकेमागे एक खटला आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका माणसाने हाताच्या कंपासाठी ही सुई घेतली होती. त्यातून मेंदूला सूज आली, असा त्याचा दावा होता. २०११ मध्ये ज्युरीने कंपनीला २१ कोटी २० लाख डॉलर द्यायला सांगितले. पण ज्युरीचा निकाल म्हणजे वैद्यकीय पुरावा नव्हे. शिवाय तो उपचार होता, सौंदर्यासाठीची सुई नव्हे.

बोटुलिनम विष नस आणि स्नायू यांच्यातला निरोप अडवतं. स्नायू सैल पडतो, सुरकुती मिटते. असर तीन-चार महिने राहतो. खरा धोका मेंदूज्वराचा नाही, विष दूर पसरण्याचा आहे. अमेरिकी औषध प्रशासनाने २००९ पासून औषधाच्या माहितीपत्रकात हाच ठळक इशारा छापायला लावला. काही तासांनी किंवा काही आठवड्यांनीही पापण्या जड होतात, एकाचं दोन दिसतं, बोलणं बोबडं होतं, घास गिळवत नाही, दम लागतो. ताप बहुधा नसतो आणि माणूस पूर्ण शुद्धीत असतो. म्हणूनच घरचे ‘थकवा असेल’ म्हणून वाट पाहतात. वाट पाहू नका. प्रतिविष पुढचं नुकसान थांबवतं, आलेला लुळेपणा मागे फिरवत नाही.

२०२३-२४ मध्ये अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ जणी आजारी पडल्या, ११ जणींना दवाखान्यात ठेवावं लागलं. सगळ्यांनी अप्रशिक्षित हातांकडून किंवा घरी, स्पामध्ये सुई घेतली होती. तेव्हा ‘ऑफर’वाल्या पार्लरपेक्षा त्वचारोगतज्ज्ञ बरा. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, गरोदरपण किंवा जेंटामायसिनसारखं औषध चालू असेल, तर आधी सांगा.

उलट, ताप, झटके, बरळणं, शुद्ध हरपणं ही मेंदूज्वराची लक्षणं. त्याचं खापर सुईवर फोडत बसू नका, तडक मोठा दवाखाना गाठा. आपल्या मुलखात मेंदूज्वर नवा नाही. चंडीपुरा विषाणूला नावच नागपूर जिल्ह्यातल्या गावाचं आहे. तो १९६५ मध्ये सापडला, वाळूमाशीतून पसरतो आणि बहुतेक लहान मुलांना गाठतो. २०२४ च्या जून ते १५ ऑगस्टदरम्यान देशात मेंदूज्वरसदृश २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या ६४ जणांत चंडीपुरा निघाला, बहुतेक गुजरातेत.

एक कामाची गोष्ट. सुई एका राज्यात आणि त्रास दुसऱ्या राज्यात सुरू झाला, तर इथल्या डॉक्टरला काय टोचलं ते कळायला हवं. औषधाचं नाव, किती युनिट, बॅच नंबर हे बिलावर लिहून घ्या. एका ब्रँडचे युनिट दुसऱ्याच्या बरोबरीचे नसतात, म्हणून नुसतं ‘बोटॉक्स’ लिहिलेली पावती चालणार नाही.