भंडारा जिल्ह्यातील हिंदू श्रद्धा : इतर धर्ममतांशी तुलना

भंडारा जिल्ह्यातील हिंदू समाजाच्या धर्मश्रद्धांचा, आणि त्याच भूमीत रुजलेल्या बौद्ध, महानुभाव, इस्लामी, ख्रिस्ती व गोंडी मतांशी असलेल्या त्यांच्या साम्यविरोधाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांचा आणि धानाचा हा मुलूख 1853 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होईपर्यंत त्यांच्या अमलाखाली होता. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा निघाल्यावर भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके भंडारा जिल्ह्यात उरले. 2011 च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या 12,00,334 भरली. तीत हिंदू बहुसंख्य असून त्यांच्या खालोखाल बौद्ध आहेत.

येथील सामान्य हिंदू माणसाची श्रद्धा ग्रंथापेक्षा स्थळाला आणि तिथीला अधिक बांधलेली आहे. मोहाडीची चौंडेश्वरी, भंडाऱ्याच्या मेंढा भागातील भृशुंड गणेश, विदर्भाच्या अष्टविनायकांत गणला जाणारा पवनीचा सर्वतोभद्र गणेश, महाशिवरात्रीला यात्रेने गजबजणारा गायमुखचा महादेव आणि गावोगावची मातामाय ही त्याची दैवते. परंतु या अनेकत्वाच्या तळाशी कर्म, पुनर्जन्म आणि मोक्ष या तीन कल्पना इतक्या खोल रुजलेल्या आहेत की, जो शेतकरी कधी पुराण ऐकायला बसला नाही तोही पोराच्या अकाली मृत्यूचा अर्थ मागील जन्माच्या हिशेबानेच लावतो. सृष्टिकर्त्या ईश्वराचा स्वीकार मात्र हिंदू दर्शनांना अपरिहार्य वाटलेला नाही. सांख्य आणि पूर्वमीमांसा त्याच्यावाचून उभी आहेत, आणि ही गोष्ट ध्यानी घेतल्यावाचून अन्य धर्मांशी केलेली कोणतीही तुलना पांगळीच राहते.

या तुलनेला जिल्ह्यात पवनीइतके समर्थ साधन दुसरे नाही. वैनगंगेकाठचे हे प्राचीन नगर आज वैजेश्वर, दिवाण घाट आणि असंख्य देवळे यांमुळे विदर्भाची काशी म्हणून ओळखले जाते. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकडीखालून एक विशाल बौद्ध स्तूप निघाला. व्यासाच्या बाबतीत त्याची तुलना सांचीच्या महास्तूपाशीच करावी लागते. तेथील एका शिल्पाकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. त्यात एक आसन आहे, आसनावर कोणी नाही, आणि त्या रिकाम्या आसनावर फणांचे छत्र धरून एक नाग उभा आहे. ‘मुचरिंद’ हे त्याचे नाव शिल्पावरच कोरलेले आहे. बोधिप्राप्तीनंतरच्या वादळी पावसात ज्याने बुद्धाचे रक्षण केले तोच हा नागराज मुचलिंद. बुद्धाची मूर्ती घडविण्याचा प्रघात तेव्हा पडलेला नव्हता, म्हणून शास्ता रिकाम्या आसनाने सुचविला आहे. नाग मात्र सगुण, सावयव आणि सनाम आहे. याच परिसरात नागपंचमीला भिंतीवर नाग रेखून त्याला लाह्या व दूध दाखवितात, त्या दिवशी जमिनीत फाळ घालीत नाहीत, चिरणे आणि तळणेही वर्ज्य मानतात. नागाविषयीचा आदर दोन्हीकडे आहे. पण हिंदू घरात तो स्वतः पूज्य आहे, तर स्तूपावर तो पूजक झाला आहे. सारख्या दिसणाऱ्या आचारामागे श्रद्धेची दिशा कशी पालटते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

तत्त्वाच्या पातळीवर हा भेद अधिक तीव्र आहे. कर्म आणि पुनर्जन्म बौद्धांनाही मान्य आहेत, परंतु जन्मोजन्मी टिकणारा आत्मा त्यांना मान्य नाही. जैनांना आत्मा मान्य आहे, तेही अनंत आत्मे, पण जगाचा कर्ता मान्य नाही. म्हणून ‘सर्व भारतीय धर्म अखेर एकच’ हे वचन कितीही गोड वाटले तरी शास्त्रदृष्ट्या टिकत नाही, आणि ते सहसा बहुसंख्यांच्याच मुखातून निघते हेही येथे नमूद केले पाहिजे.

हिंदू परंपरेच्या आतूनच एक निराळी वाट तेराव्या शतकात फुटली. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर यांच्या निकटच्या शिष्यांपैकी नीळभट्ट भांडारेकार हे या भंडाऱ्याचेच. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’ने त्यांची स्मृती जतन केली आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परांहून स्वतंत्र असून देवता केवळ मर्यादित फळे देतात, मोक्ष देणारा परमेश्वर एकटाच, असा या पंथाचा सिद्धांत आहे. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू व चक्रधर हे त्या परमेश्वराचे पाच अवतार. इतर देवतांची उपासना त्याज्य मानण्यात, आणि स्त्रीशूद्रांना संन्यासाचा अधिकार देण्यात या पंथाने जो निश्चय दाखविला, तो पाहता अनन्य एकेश्वरनिष्ठा ही मराठी मनाला बाहेरून शिकावी लागली, हा समज सर्वस्वी निराधार ठरतो.

तरीही इस्लामी एकेश्वरवादाहून ही निष्ठा भिन्न आहे, कारण इस्लामला अवतार मान्य नाही आणि माणसाला जन्म एकच, त्यानंतर कयामतचा न्याय, अशी त्याची धारणा आहे. ख्रिस्ती मत ईश्वराने मनुष्यदेह घेतल्याचे मानते, पण एकदाच. युगायुगांतून पुन्हा पुन्हा होणाऱ्या अवताराला त्यात जागा नाही. काळ चक्राकार की सरळ, हाच येथे मुळातील प्रश्न आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र रेषा सैल होतात : 1925 मध्ये दिवंगत झालेल्या नागपूरच्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर हिंदू भाविकही नवस फेडायला जातात, आणि आपला धर्म त्यामुळे ढळला असे त्यांपैकी कोणालाही वाटत नाही.

विसाव्या शतकात हा तौलनिक प्रश्न ग्रंथांतून उठून माणसांच्या जगण्यात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1954 मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून त्यांचा पराभव झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्यांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा, विष्णू, महेश यांची उपासना नाकारलीच होती. शिवाय बुद्ध हा विष्णूचा अवतार होय, या समजुतीचाही स्पष्ट शब्दांत निषेध होता. ज्या जातिव्यवस्थेला धर्माची सनद मिळाली होती तिच्यातून बाहेर पडण्याचा हा निर्णय होता. त्याकडे केवळ दैवतांची अदलाबदल म्हणून पाहणे हा त्या निर्णयावर अन्याय होईल.

गोंडांचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. त्यांचा बडादेव, म्हणजेच पर्सा पेन, देवळात नसून साजाच्या झाडाखाली असतो. त्यांची कुळे चार, पाच, सहा वा सात देवे अशी विभागलेली असून समान देवसंख्येच्या कुळांत सोयरीक होत नाही, आणि धर्मगुरू म्हणून ते पारी कुपार लिंगोला मानतात. शेकडो वर्षांच्या शेजाराने महादेव गोंडांच्या घरात आला आणि हिंदूंच्या मातामायेत आदिम देवता मिसळल्या, हे खरे; म्हणून त्यांना सरसकट हिंदूंच्या रकान्यात घालावे हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. आपल्या कोया पुनेम या धर्माची वेगळी नोंद व्हावी, अशी मागणी त्यांच्यातील अनेकजण करतात. खानेसुमारीच्या दप्तरात माणसाने आपला धर्म म्हणून जे नाव सांगितले असेल तेच लिहिले जावे, एवढी दक्षता गणनेच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने आणि तलाठ्याने घ्यावी.